मजुरी वेगळी

कागद पिवळा, कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा.
इंजिन, सेकंडहँड, बेळगावहून : एकतीस हजार.
टेम्पोभाडं, चोर्ल्याच्या घाटातून : अडीच.
माउंटिंगची रबरं, क्लचप्लेट, ऑइल, कूलंट,
आणि सगळ्यात खाली, पेन दाबून लिहिलेलं :
मजुरी वेगळी. बारा हजार.

मी म्हटलं, कायतान, बारा?
नुसतं जुनं काढून दुसरं बसवायचे?

नुसतं.
शब्द तोंडातून सुटला आणि
कुर्टीच्या त्या पत्र्याखाली ओळखीचा वाटला,
माझ्याच दुकानातून कुणी उचलून आणल्यासारखा.

खरं तर चूक माझीच. चवथीच्या आधीचा आठवडा,
मागच्या सीटवर सतरा ब्लाउज, साखळीला पोचवायचे,
उसगावच्या चढावर व्हॅन धापा टाकत होती.
दिवसभर सुईच्या टोकाकडे बघणारी मी
त्या एका काट्याकडे बघायची राहिले.
मग नाकात शिजल्या लोखंडाचा वास,
आणि गाडी जागच्या जागी गप्प.

कायतानने उत्तर दिलं नाही.
हातातल्या पान्याने फक्त व्हॅनच्या पोटाकडे दाखवलं.

तीन दिवस येता-जाता मी पाहिलं होतंच.
पहिला दिवस सगळा एका बोल्टात गेला,
खाऱ्या हवेने धरून ठेवलेल्या.
डिझेल पाजलं, ठोकलं, ज्योत दिली.
यल्लेश, मुद्देबिहाळचा, मिसरूडही न फुटलेला,
उताणा पडून पाना फिरवत होता डोळे मिटून,
गंज वरून झरत होता म्हणून.
बोटांनीच बघत होता.
दुसऱ्या दिवशी वायरी. प्रत्येकीला चिकटपट्टीची चिठ्ठी,
कायतानच्या तिरक्या रोमी अक्षरात.
मग चेन-पुली कुरकुरली
आणि जुनं इंजिन खाली आलं
झोपलेल्या माणसाला गादीसकट हलवावं तसं.
दुपारी दोघांनी रॉकेलने हात धुतले,
तरी हुमणाला ऑइलचाच वास आला असणार.

"इंजीन तुजें, बाय," शेवटी तो म्हणाला,
"हात म्हजे."

डॉक्टर कुंकळ्येकरांची सून आठवली.
कापड एवढं भारी आणलंय, अस्तर माझं, हुकं माझी,
आणि नुसती शिलाई साडेसहाशे?
तेव्हा मी काय म्हणाले होते?
काही नाही. पन्नास कमी केले होते.
दरवेळी करते. वहीत पन्नासांचा एक रकाना केला
तर बेळगावचं आणखी एक इंजिन येईल.

बारा हजार मोजले. सुट्ट्या नोटा, भिशीच्या.
यल्लेशला चहाचे शंभर वेगळे दिले,
त्याने आधी कायतानकडे बघितलं, मग घेतले.
घरी येईपर्यंत सारखा कान लावून होते :
नव्या इंजिनाला बेळगावचाच सूर,
दुसऱ्या गिअरमध्ये थोडा नाकात.

फेस्ताला आठ दिवस राहिले तेव्हा
कायतानची बायको आली, लेकीचा फ्रॉक घेऊन.
पिशवीतून आधी दोन नारळ काढले, मग फ्रॉक.
बाह्या उसवून नव्या लावायच्या, एवढंच.
"दोनशें? निमणें सांग गो."
बाहेर स्कूटरवर कायतान बसला होता,
समोरच्या भिंतीकडे एकटक बघत,
जणू आमचं बोलणं भिंतीच्या पलीकडे चाललंय.

मी म्हटलं, दीडशे दे.
सवय.

रात्री दिव्याखाली बाह्या उसवायला घेतल्या.
जुनी शिवण, कुणाची कोण जाणे, दुहेरी टाक्याची.
एक टाका असा धरून बसला होता
की नजर पोचेना, चष्मा पुसून पण नाही.
शेवटी डोळे मिटले
आणि बोटांनी काढला.